रिठ्याच्या पाण्याने घर खरंच स्वच्छ होतं का? मालवण किनाऱ्यावरच्या घरासाठी फेसाचा पूर्ण हिशेब

एप्रिल संपत आला की मालवण, देवबाग, तारकर्लीच्या किनारपट्टीवर एक जुनी तक्रार पुन्हा सुरू होते. विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागतं, कपड्यांच्या साबणाला फेस येत नाही आणि धुतलेले कपडे वाळल्यावर कडक होतात. त्याच सुमारास मोबाईलवर रील फिरत असते: "दहा रिठे घ्या, उकळा, आणि घरातले सगळे केमिकल फेकून द्या!" खाली शेकडो लाईक्स. कुणी लिहितं, "आमची आजी हेच वापरायची." कुणी विचारतं, "टॉयलेटला चालेल का?"

आजी वापरायची हे खरंच आहे. पण आजी रिठा कशाला वापरायची आणि कशाला वापरायची नाही, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. शिवाय जिथे घराच्या एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पुढे समुद्र आहे, तिथे न्हाणीतून बाहेर पडणारं पाणी जातं कुठे, हा प्रश्न शहरातल्या फ्लॅटपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो. म्हणून रिठ्याचा हा हिशेब सुरुवातीपासून मांडून बघू.

रिठा म्हणजे नेमकं काय?

रिठा हे एका मोठ्या वाढणाऱ्या झाडाचं फळ. संस्कृतात त्याला अरिष्ट म्हणतात आणि दुसरं नाव आहे फेनिल, म्हणजे फेस देणारा. कोकणात काही ठिकाणी या झाडाला रिंगी असंही म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव सॅपिंडस. लॅटिनमधला साबणाचा शब्द आणि 'इंडिकस' म्हणजे भारतीय, हे दोन जोडून ते नाव झालं. थोडक्यात, 'भारतीय साबण' हाच त्याचा अर्थ. लिची ज्या कुळातली, त्याच कुळातला हा रिठा.

बाजारात दोन प्रकारचे रिठे दिसतात. हिमालयाच्या पायथ्याच्या भागातून येतो तो सॅपिंडस मुकोरोसी. त्याचं फळ गोल आणि एकेकटं असतं. दक्षिण भारतात आणि कोकणाच्या बाजूला वाढतो तो सॅपिंडस ट्रायफोलिएटस. त्याची दोन-तीन फळं एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळे वाळल्यावर ती तीन पाकळ्यांसारखी दिसतात. कामाला दोन्ही सारखीच उपयोगी.

फळात तीन भाग असतात. वरची सुरकुतलेली, चिकट, तपकिरी साल. आत काळी, गुळगुळीत, दगडासारखी बी. आणि बीच्या आत गर. फेस येतो तो फक्त सालीतून. बी साफसफाईच्या काहीच कामाची नाही. तिचे मणी करून माळेत ओवतात. त्यामुळे बाजारातून बीसकट रिठे घेतले, तर वजनातला बराच भाग बियांचा असतो हे लक्षात ठेवायला हवं. बी काढलेली साल महाग वाटली तरी बऱ्याचदा तीच परवडते.

फेस येतो कसा?

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची संयुगं असतात. सॅपोनिनच्या रेणूची गंमत अशी की त्याचं एक टोक साखरेचं असतं, ते पाण्याला धरतं. दुसरं टोक तेलकट स्वभावाचं असतं, ते तेलाला धरतं. कपड्यावर तेलाचा डाग असेल तर एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्यात राहतं, आणि चोळल्यावर तो थेंब कपड्यावरून सुटून पाण्यात तरंगायला लागतो. मग पाण्याबरोबर वाहून जातो. साबण आणि डिटर्जंट हेच काम करतात. फरक आहे तो रेणूच्या बनावटीत आणि ताकदीत.

साबण म्हणजे तेल किंवा चरबीवर अल्कलीची क्रिया करून बनवलेला पदार्थ. त्यामुळे साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं. रिठ्याचं पाणी उलट किंचित आम्लधर्मी असतं. वरवर ही छोटी गोष्ट वाटते, पण रिठा कशाला चांगला आणि कशाला कमी पडतो, हे बरंचसं इथेच ठरतं. लोकर आणि रेशीम हे प्राणिज धागे आहेत, प्रथिनांचे बनलेले. अल्कलीने ते खराब होतात, चमक जाते. रिठ्याचं पाणी त्यांना मानवतं. पैठणी, शालू, लोकरीची शाल रिठ्यात धुवायची पद्धत पडली ती यामुळेच. जुनी वस्त्रं जपणारे तज्ज्ञही नाजूक कापडासाठी रिठ्याचा वापर करत आले आहेत.

फेस म्हणजेच स्वच्छता, हा मात्र गैरसमज आहे. फेस हे पाण्यात पृष्ठभागावर काम करणारा पदार्थ असल्याचं चिन्ह आहे, डाग निघाल्याचं प्रमाणपत्र नाही. वॉशिंग मशीनच्या कित्येक पावडरी मुद्दाम कमी फेसाच्या बनवतात, तरी त्या कपडे स्वच्छ करतात. आणि रिठ्याला भरपूर फेस आला म्हणून हळदीचा डाग जाईलच असं नाही.

खाऱ्या विहिरीत साबण का रुसतो?

देवबागचा नकाशा बघितला तर ही गोष्ट लगेच कळते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. उन्हाळ्यात विहिरींचा उपसा वाढला आणि गोड्या पाण्याचा थर पातळ झाला की खालचं खारं पाणी वर सरकतं. पाणी मचूळ होतं.

साबणाला अशा पाण्यात दोन अडचणी येतात. पहिली, पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जोडले जाऊन न विरघळणारा पांढरट चोथा तयार करतात. बादलीच्या कडेला चिकटणारा आणि कपड्यांना कडक करणारा थर तो हाच. दुसरी, साध्या मिठामुळेही साबण पाण्यात नीट विरघळत नाही. साबण कारखान्यात तयार झालेला साबण वेगळा करण्यासाठी मुद्दाम मीठच घालतात. खाऱ्या विहिरीत तीच गोष्ट थोड्या प्रमाणात आपोआप होते. अर्धी वडी झिजते, फेस येत नाही.

रिठ्याच्या सॅपोनिनचं पाण्याला धरणारं टोक साखरेचं असल्याने कॅल्शियमबरोबर साबणासारखा चोथा तो सहसा करत नाही. म्हणून जड पाण्यात रिठ्याचा फेस साबणाइतका मरत नाही. आधुनिक डिटर्जंट पावडरही जड पाण्यात साबणापेक्षा चांगली चालते, कारण ती तशी बनवलेली असते. म्हणजे उन्हाळ्यातल्या मचूळ पाण्यात रिठ्याची खरी सरशी साबणाच्या वडीवर आहे, डिटर्जंटवर नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं. दोन सारख्या बाटल्या घ्या. दोन्हींत विहिरीचं तेच पाणी भरा. एकीत साबणाचा किस, दुसरीत रिठ्याचं पाणी घाला. झाकण लावून वीस वेळा हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. फेस कुठे टिकला आणि पाणी कुठे गढूळ झालं ते समोर दिसेल.

आजीच्या घरात एकटा रिठा नव्हता

"पूर्वी सगळं रिठ्यानेच व्हायचं" हे अर्धसत्य आहे. कोकणातल्या जुन्या घरात प्रत्येक कामाला वेगळी वस्तू होती, आणि आज रसायनशास्त्राच्या नजरेने बघितलं तर ती विभागणी एकदम चोख वाटते.

*राख आणि सोडण.* चुलीतली राख अल्कधर्मी असते, तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. तेलकट भांड्यावर ती चोळली की तेलाचा थोडा भाग जागेवरच साबणासारखा होतो. नारळाचं सोडण घासणीचं काम करतं. माशाच्या कालवणाची, खोबरेलाची भांडी यानेच निघायची.

*आमसूल, चिंच, लिंबू.* तांब्या-पितळेवर चढणारा काळपट थर हा धातूच्या ऑक्साइडचा असतो. तो तेलकट नसतो, म्हणून साबण किंवा रिठा त्यावर चालत नाही. तो आम्लात विरघळतो. चतुर्थीआधी समई, तांब्या, पंचपात्री घासताना आमसुलाचं किंवा चिंचेचं पाणी लागतं ते यासाठी. मासे साफ केल्यावर हाताला येणारा वास अमाईन नावाच्या अल्कधर्मी संयुगांचा असतो. लिंबू किंवा आमसूल चोळलं की आम्ल त्यांना निष्प्रभ करतं आणि वास उतरतो.

*रिठा.* तो होता केसांसाठी, रेशमी आणि लोकरी कपड्यांसाठी, आणि दागिन्यांसाठी. सोन्याच्या दागिन्याच्या नक्षीत अंगाचं तेल, साबणाचा थर आणि धूळ अडकते. कोमट रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासलं की ती सुटते. सोनार आजही रिठा वापरतात.

सूती कपडे साबणाने, भांडी राखेने, पितळ आमसुलाने आणि नाजूक गोष्टी रिठ्याने, अशी ती व्यवस्था होती. भारतात १९५९ मध्ये सर्फ आलं, १९६९ मध्ये निरमा आली, आणि हळूहळू एकाच पावडरीने सगळं धुवायची सवय लागली. आता रील सांगतात ते त्याच सवयीचं उलटं रूप आहे: पावडर काढा आणि तिच्या जागी एकटा रिठा बसवा. ते नीट बसत नाही.

रिठ्याने काय चांगलं होतं?

- रेशमी, लोकरी आणि हातमागाचे नाजूक कपडे हाताने धुणं. रंग जाण्याची शंका असेल तर आधी कोपऱ्यावर तपासा.
- घामाचे, धुळीचे, रोजचे कमी मळलेले कपडे. डाग पडलेले नव्हेत.
- सोन्याचे साधे दागिने. चांदीवरची धूळ आणि तेलकटपणाही जातो, पण चांदी काळी पडते ती गंधकाशी होणाऱ्या क्रियेने. तो काळेपणा फक्त रिठ्याने पूर्ण जात नाही. मोत्यांचे आणि लाख भरलेले दागिने मात्र गरम पाण्यात घालू नका.
- फरशी पुसणं. अर्ध्या बादलीला एक कप रिठ्याचं पाणी पुरतं. जास्त घातलं तर फरशी चिकट किंवा निसरडी होते.
- कमी तेलकट भांडी, काचेचे ग्लास, कपबशा. रिठा चवीला कडू असतो, म्हणून भांडी दोनदा विसळा.
- कंगवे, ब्रश, केसांचं तेल लागलेल्या उशांचे अभ्रे.

समुद्राकडे तोंड असलेल्या खिडक्यांचा उल्लेख वेगळा करायला हवा. काचेवर जो धूसर थर बसतो तो मुख्यतः मिठाचा असतो. मीठ साध्या गोड्या पाण्यात विरघळतं. तिथे रिठाही लागत नाही आणि स्प्रेची बाटलीही नाही. ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने.

काय होत नाही?

*हट्टी डाग.* कपड्यांच्या चांगल्या पावडरीत फेस आणणाऱ्या पदार्थाबरोबर रक्त, दूध, अंडं अशा डागांना तोडणारे एन्झाइम असतात, काहींत डाग उडवणारे ब्लीचही असतं. रिठ्यात यातलं काही नाही. हळद, माशाचं कालवण, काजूचा चीक, आंब्याचा डाग यांच्यापुढे तो हात टेकतो. पांढरे कपडे फक्त रिठ्यात धुत राहिलं तर कालांतराने मळकट दिसायला लागतात.

*थंड पाण्याचं मशीन.* कापडी पिशवीत चार-पाच रिठ्यांच्या साली बांधून मशीनमध्ये टाकायची पद्धत परदेशातही लोकप्रिय आहे. पण थंड पाण्यात, थोड्या वेळात सालीतून सॅपोनिन पुरेसं बाहेर येत नाही. कपडे धुऊन झाल्यावर "स्वच्छ वाटतात" त्यात बराच वाटा पाण्याचा आणि मशीनच्या घुसळण्याचा असतो. मशीनमध्ये वापरायचंच असेल तर आधी उकळून काढलेलं पाणी घालणं बरं.

*जंतुनाशक म्हणून.* सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. रिठा मळ सोडवतो, आणि मळाबरोबर काही जंतू वाहून जातात. पण तो जंतू मारण्याची खात्री देत नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, तर शौचालय, बादली, नळाची मूठ रिठ्याच्या पाण्याने पुसून समाधान मानू नका. तिथे पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेलं ब्लीचच हवं. विहिरीच्या पाण्याला आरोग्य कर्मचारी ब्लीचिंग पावडर टाकतात, त्यालाही रिठा हा पर्याय नाही. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून तो पसरतो. शेतातून आल्यावर हातपाय साबणाने धुणं, जखम झाकणं आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जाणं, याला दुसरा घरगुती तोडगा नाही.

*भिंतीवरची बुरशी.* पावसाळ्यात न्हाणीच्या आणि कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके येतात. रिठ्याने वरचा थर निघेल, पण ओल आहे तोवर बुरशी परत येणारच. तिथे हवा खेळती करणं आणि गळती थांबवणं हेच काम आहे.

सांडपाणी जातं कुठे?

मग रिठ्याचा एवढा खटाटोप का करायचा? किनाऱ्यावरच्या घरासाठी याचं एक भक्कम कारण आहे.

सिंधुदुर्गातल्या बऱ्याच गावांत सांडपाणी गटाराच्या मोठ्या जाळ्यात जात नाही. न्हाणीचं पाणी परड्यातल्या माडाला, केळीला, अळवाला जातं किंवा शोषखड्ड्यात. किनाऱ्यावर वाळू आहे, आत जांभा आहे. दोन्हींतून पाणी झटकन खाली झिरपतं. विहीर आणि शोषखड्डा एकाच आवारात असतील, तर आज जे ओतलं त्याचा काही अंश उद्या उपशात येऊ शकतो. त्यात निवास-न्याहारी आणि होमस्टे वाढले. चार माणसांच्या घरात हंगामात वीस माणसांच्या चादरी धुतल्या जातात.

स्वस्त डिटर्जंट पावडरीत धुण्याचा सोडा आणि इतर सोडियमचे क्षार बरेच असतात. तेच पाणी रोज माडाच्या बुंध्याशी जात राहिलं तर मातीतलं सोडियम वाढतं, माती घट्ट होते. रिठ्याचं पाणी यात हलकं आहे. त्यात हे क्षार नाहीत, आणि सॅपोनिन मातीतले जीवाणू तोडून टाकतात. विसळलेलं, पातळ रिठ्याचं पाणी झाडांना घालायला हरकत नाही. सालीचा चोथा खतात जातो. प्लास्टिकची बाटलीही वाचते.

म्हणजे रिठ्याचा खरा फायदा डाग काढण्यात दिसत नाही, तो परड्यात दिसतो. हलक्या धुण्याचा अर्धा भार रिठ्यावर टाकला तरी तेवढी पावडर मातीत जायची थांबते.

पण माशांना रिठा विषारी आहे

आता रीलवाल्यांचं सगळ्यात धोकादायक वाक्य: "नैसर्गिक आहे, ओढ्यात-नदीत गेलं तरी काही होत नाही."

हे चूक आहे. सॅपोनिन पेशींच्या आवरणावर हल्ला करतं. माणसाच्या धडधाकट कातडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण माशाचे कल्ले म्हणजे पाण्यात उघडे पडलेले नाजूक पडदे. सॅपोनिन तिथे पोचलं की कल्ले खराब होतात, रक्तपेशी फुटतात, मासा गुदमरतो. म्हणूनच जगातल्या अनेक भागांत सॅपोनिन असलेली फळं, मुळं, साली वाटून डबक्यात टाकून मासे पकडण्याची जुनी पद्धत होती. कोळंबी संवर्धनातही हेच तत्त्व वापरतात. तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी चहाच्या बियांची पेंड टाकतात. तिच्यातही सॅपोनिन असतं. मासे मरतात, कोळंबीला त्या मानाने त्याचा त्रास कमी होतो.

मालवणसाठी ही माहिती शोभेची नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं ते इथल्या समुद्री जीवनामुळे. कर्लीची खाडी, तिच्या काठचं कांदळवन आणि लहान व्हाळ ही माशांच्या पिल्लांची वाढण्याची जागा. एका घराचं कपभर पातळ पाणी मातीतून गाळून गेलं तर तिथे काही बिघडत नाही. पण उन्हाळ्यात आटलेल्या व्हाळावर किंवा तळीवर बसून रिठ्याने धुणं, उरलेलं घट्ट पाणी खाडीत ओतणं, मासे ठेवलेल्या टाकीजवळ ते सांडणं, हे टाळायलाच हवं. डिटर्जंटही माशांना वाईटच असतं. तेव्हा नियम एकच: नैसर्गिक असो की कारखान्याचं, धुण्याचं पाणी आधी मातीला, थेट पाण्याला कधीच नाही. आणि विहिरीच्या कठड्यावर धुणं नको.

रिठ्याचं पाणी कसं करायचं?

१. दहा-बारा वाळलेले रिठे फोडून बिया काढा. साल चिकट आणि तपकिरी असावी. बुरशी दिसली तर टाकून द्या.

२. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. विहीर मचूळ असेल तर पिण्याचं गोडं पाणी घ्या.

३. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. मोठं पातेलं घ्या, फेस उतू जातो.

४. थंड झाल्यावर साली हाताने कुस्करा. डोळ्यांना हात लावू नका.

५. सुती फडक्यातून गाळा. चोथा एकदा पुन्हा उकळला तर फरशीपुरतं पातळ पाणी मिळतं.

हे पाणी टिकाऊ नाही. त्यात साखर आहे आणि परिरक्षक नाही. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर दोन दिवसांत आंबतं. फ्रिजमध्ये साधारण आठवडाभर राहतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर लागेल तेवढ्या वड्या काढता येतात. वाळलेले रिठेही पावसाळ्यात ओल धरून चिकट होतात, म्हणून मे महिन्यातच एक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. बाटलीवर 'रिठा, पिऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवायला विसरू नका. रंगाने ते कोऱ्या चहासारखंच दिसतं.

या चार चुका करू नका

*डोळ्यात जाऊ देणं.* रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर नुसतं चुरचुरत नाही, बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा होऊ शकते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांच्या केसांना रिठा लावताना याची जास्त काळजी घ्या.

*पोटात देणं.* विषबाधा झाली किंवा साप चावला की उलटी व्हावी म्हणून रिठ्याचं पाणी पाजायचा जुना प्रकार काही ठिकाणी अजून चालतो. हे अजिबात करू नका. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि सापाचं विष पोटात नसतंच, त्यामुळे उलटीने ते बाहेर पडत नाही. यात फक्त वेळ जातो. सर्पदंशावर उपचार एकच: प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर पोचणं.

*बंद बाटलीत आंबवणं.* रिठा, गूळ आणि लिंबाच्या साली तीन महिने आंबवून 'बायोएन्झाइम' करायचे व्हिडिओ खूप फिरतात. आंबताना वायू तयार होतो. काचेची घट्ट बंद बाटली फुटू शकते. करायचंच असेल तर प्लास्टिकची रुंद बरणी घ्या, वर मोकळी जागा ठेवा आणि सुरुवातीचे काही आठवडे रोज झाकण सैल करा. तयार द्रव आंबट असतो, त्यामुळे पाण्याचे पांढरे डाग काढायला तो बरा. जंतुनाशक मात्र तोही नाही.

*ब्लीचमध्ये मिसळणं.* आंबट बायोएन्झाइम, व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनरचं आम्ल ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. एका वेळी एकच वस्तू वापरा, मध्ये भरपूर पाणी ओता.

आणखी एक लहान गोष्ट. रिठ्याची पूड करताना नाक-तोंड झाका. ती उडाली की शिंकांची माळ लागते, आणि दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो.

'रिठायुक्त' बाटली विकत घेताना

लेबलवर रिठ्याचं चित्र आहे म्हणजे आत रिठाच आहे असं नाही. मागची घटकांची यादी वाचा. तिथे सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी नावं सुरुवातीला असतील आणि रिठा शेवटी, तर ते नेहमीचंच डिटर्जंट आहे, त्यात रिठा चवीपुरता आहे. ते वाईटच असेल असं नाही. पण दुप्पट पैसे रिठ्यासाठी मोजत असाल तर आपण काय घेतोय ते माहीत असावं.

तर शेवटी काय करायचं?

किनाऱ्यावरच्या घरासाठी व्यवहारी वाटणी अशी करता येईल. रेशीम, लोकर, दागिने, फरशी आणि रोजचे हलके कपडे रिठ्याकडे द्या. तांबं-पितळ आणि माशाचा वास आमसूल-लिंबाकडे. डागांचे कपडे, होमस्टेच्या चादरी आणि तेलकट कढया डिटर्जंटकडे, पण मोजून; डब्यातला चमचा बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्तच भरला जातो. आजारपणातली साफसफाई ब्लीचकडे. आणि यातलं कुठलंही पाणी असो, वाट एकच: विहिरीपासून लांब, माती आणि झाडांमधून.

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणीत सपाट भागातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला होता. ते मोजमाप मुख्यतः शौचालयं आणि परिसराच्या स्वच्छतेचं होतं. घरातून बाहेर पडणाऱ्या फेसाचा हिशेब मात्र कुठल्या पाहणीत येत नाही, तो ज्याचा त्यानेच ठेवायचा असतो. पुढच्या वेळी रील बघून दहा रिठे भिजत घालाल, तेव्हा आधी एकदा परड्यात जाऊन न्हाणीची मोरी नेमकी कुठे उघडते ते बघून या.